सेंटरिंग कधी काढणार?

घर बांधलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. स्लॅब पडला की खालून टेकू असतात आणि वरून पाणी. टेकू ओल्या स्लॅबचं ओझं तोलतात, सकाळ-संध्याकाळ मारलेलं पाणी त्याला ताकद देतं. ठरलेले दिवस भरले की सेंटरिंगवाला येतो, प्लेटा ठोकून काढतो, टेकू टेम्पोत घालून पुढच्या कामावर नेतो. टेकू तसेच ठेवून कुणी वास्तुशांत घालत नाही. पाणी न मारता स्लॅब पक्का झाला, असंही कुणी म्हणत नाही.

झोपेच्या गोळीच्या बाबतीत आपण दोन्ही करतो. टेकू लावतो, पाणी मारत नाही आणि सेंटरिंगवाल्याला परत बोलवायचं राहून जातं. आठ दिवसांसाठी लावलेले टेकू आठ-आठ वर्षं घरात उभे राहतात. घरातली माणसं त्यांना वळसा घालून वावरायला शिकतात.

हे आज लिहितो आहे, कारण माझ्या घरात हे घडलं आहे.

*

माझी आत्ती शिरोळ तालुक्यातली. कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात त्या पट्ट्यातलं तिचं गाव. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. आत्तीच्या सोप्यात ते शिरलं रात्री. म्हशीचं दावं कापून तिला मोकळी सोडली, पोरांना नावेत बसवलं आणि आत्ती शेवटच्या फेरीला निघाली. छावणीतनं घरी परतली तेव्हा भिंतीवर पुरुषभर उंचीवर चिखलाची रेघ होती, आणि तिची झोप गेलेली होती.

रात्री ती पाण्याचा आवाज ऐकायची. नदी पात्रात गेली, दिवाळी आली, थंडी पडली, तरी ऐकायची. ‘डोळं मिटलं की पाणी दिसतंय बघ,’ म्हणायची. एका डॉक्टरांनी गोळी दिली, ‘आठ दिवस घ्या’ म्हणाले. पहिल्याच रात्री ती सहा तास झोपली आणि सकाळी फोनवर बोलता बोलता रडली. ती गोळी देण्यात काही चूक नव्हती, असं मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. तीन महिने न झोपलेल्या बाईला ‘मन शांत ठेवा’ असं सांगून परत पाठवणं, हा उपचार नव्हे.

चूक पुढं झाली. आठ दिवसांनंतर काय, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. ती चिठ्ठी पिशवीत राहिली. मेडिकलमध्ये तीच दाखवली जायची, पुढं पुढं तीही कुणी मागेना. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि पॉइंट पंचवीसची गोळी पॉइंट पाच झाली. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री अडीचला न्हाणीकडं जाताना आत्ती पडली, मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालता घालता विचारलं, ‘रात्री कसली गोळी घेता का?’ पाच वर्षांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस.

*

एखादी रात्र डोळ्याला डोळा लागला नाही म्हणजे निद्रानाश जडला असं नव्हे. मुलीचं लग्न, दवाखान्यात असलेलं घरचं माणूस, दहावीचा निकाल, या रात्री जागण्याच्याच असतात. झोपायला पुरेसा वेळ आणि जागा असूनही आठवड्यातल्या तीन तरी रात्री झोप येत नाही किंवा टिकत नाही, त्यापायी दिवस वाया जातो आणि हे तीन महिने चालतं, तेव्हा वैद्यक त्याला जुनाट निद्रानाश म्हणतं.

आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये या दुखण्याची उकल केली. काहींचा पिंडच हलक्या झोपेचा असतो. त्यावर एखादा घाव बसतो. घाव भरून येतो, पण तोवर दुखणं टिकवून धरणाऱ्या सवयी लागलेल्या असतात. आत्तीचं हुबेहूब हेच झालं. पूर हा घाव होता, तो ओसरला. रात्री झोप होत नाही म्हणून ती साडेआठलाच अंथरुणाला पाठ टेकू लागली. दुपारी जेवल्यावर दोन तास आडवी होऊ लागली. रात्री जाग आली की घड्याळ बघायची आणि किती तास उरले ते मोजायची. ‘आज झोप आली न्हाय तर उद्या माझं काय खरं न्हाय,’ हे तिचं रोजचं वाक्य झालं. यातली प्रत्येक गोष्ट तिनं झोप यावी म्हणून केली आणि प्रत्येकीनं झोप आणखी लांब गेली.

गोळी यातल्या एकाही सवयीला हात लावत नाही. ती मेंदूची धावपळ त्या रात्रीपुरती मंदावते. तेवढंच तिचं काम, आणि ते ती पहिल्या रात्रीपासून चोख करते. काही आठवड्यांनी शरीर तिला सरावतं, तेवढ्याच मात्रेत तेवढी झोप येईनाशी होते. मग माणूस एका रात्री गोळी वगळून बघतो आणि टक्क जागा राहतो. त्याला वाटतं आपलं दुखणं किती मोठं आहे, गोळीवाचून आपलं चालणारच नाही. खरं तर ती रात्र दुखण्याची नसते, गोळीनं सोडताना मारलेला तो उलटा हिसका असतो. हे आत्तीला कुणी सांगितलं नव्हतं. चार वेळा गोळी सोडून चारही वेळा ती दुसऱ्या रात्री परत फिरली आणि दर वेळी स्वतःला जास्त आजारी समजली.

*

या गोळीशिवाय दुसरं काही आहे का? आहे, आणि गोळीपेक्षा जास्त टिकणारं आहे. त्याला निद्रानाशासाठीचा वर्तनोपचार म्हणतात, डॉक्टर मंडळी सीबीटी-आय म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये स्पष्ट शिफारस केली की मोठ्या माणसांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार हाच असावा. गोळीचा विचार त्यानं भागलं नाही तर, रुग्णाशी बोलून आणि थोड्या काळापुरता.

नावाला घाबरू नका. यात कोचावर पडून बालपण सांगायचं नसतं. चार ते आठ भेटी, एक वही आणि घरी करायचं काम.

वही आधी. दोन आठवडे रोज सकाळी लिहायचं: अंथरुणाला पाठ कधी टेकली, डोळा अंदाजे कधी लागला, किती वेळा जाग आली, उठलो कधी. या वहीत बहुतेकांना एक गोष्ट पहिल्यांदा दिसते. माणूस रात्री दहा ते सकाळी सात, म्हणजे नऊ तास अंथरुणात असतो आणि झोपतो साडेपाच तास. उरलेले साडेतीन तास तो कूस बदलण्याचा सराव करत असतो.

म्हणून दुसरं पाऊल उफराटं वाटतं. झोप साडेपाच तास आहे ना, मग अंथरुणातही साडेपाचच तास राहायचं. रात्री बाराला पाठ टेकायची, साडेपाचला उठायचं. पहिला आठवडा जड जातो. पण दिवसभर साठलेली झोप मग त्या साडेपाच तासांत दाटते. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्के वेळ खरी झोप लागू लागली की पंधरा-वीस मिनिटं वाढवायची, मग आणखी पंधरा-वीस. पाच तासांच्या खाली कुणालाही आणायचं नाही. अपस्मार असेल, मनाच्या भरतीओहोटीचा म्हणजे बायपोलर आजार असेल, उसाचा ट्रक किंवा एसटी चालवायची असेल, यंत्रावर हात असेल, तर हे पाऊल तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच.

तिसरं पाऊल आपल्या आजीला ठाऊक होतं. अंथरूण फक्त झोपेसाठी. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये हे शास्त्रात मांडलं: झोप आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसरीकडं बसायचं, पेंग आली की परत यायचं आणि सकाळी ठरल्या वेळी उठायचंच. म्हणजे शरीराला पुन्हा कळतं की अंथरूण ही झोपेची जागा आहे, काळजीची नव्हे. आपल्या जुन्या घरांत पहाट झाली की अंथरुणाची वळकटी व्हायची आणि ती कोपऱ्यात जायची. दिवसा लोळायला अंथरूणच नसायचं. पलंग आला, गादी चोवीस तास अंथरलेली राहिली आणि जेवण सोडून सगळं तिच्यावर होऊ लागलं. काही घरांत जेवणही. वळकटी गेली तिच्याबरोबर झोपेची शिस्तही गेली.

ठरल्या वेळी उठण्याचं म्हणाल तर कोल्हापूरला ते कुणी परदेशातून येऊन शिकवायला नको. मोतीबागेत, गंगावेशीत पोरगं आदल्या रात्री किती झोपलं यावर वस्ताद पहाटेची वेळ बदलत नाही. काल झोप झाली नाही म्हणून आज नऊपर्यंत लोळायचं, ही सवलत तालमीत नसते. झोपेचं दुखणं असलेल्या माणसालाही ती देऊ नये. आज उशिरा उठलात की आजची रात्रही गेली.

चौथं काम मनाशी. ‘मला आठ तास झोप मिळालीच पाहिजे’, ‘आज झोपलो नाही तर उद्या मी कोसळणार’ अशी वाक्यं वहीत लिहायची आणि आलेल्या दिवसाशी ताडून बघायची. बहुतेक वेळा दिसतं की दिवस दमलेला गेला, पण गेला. ती भीती जितकी उतरते तितकी झोप जवळ येते.

आणि साध्या गोष्टी. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला पाचेक तास लागतात, संध्याकाळी सहाच्या चहाचा अर्धा कप रात्री अकराला तुमच्या रक्तात जागा असतो. तंबाखूचा बार आणि मिसरी यांतलं निकोटीनही जागवणारंच. दारूनं डोळा लवकर लागतो आणि पहाटे तीनला उघडतो. या गोष्टी सोडणं चांगलंच, पण जुनाट निद्रानाश एवढ्यानं जात नाही. ‘चहा बंद करा’ एवढंच सांगून रुग्णाला वाटेला लावणारा सल्ला अपुरा आहे.

*

आता खरा प्रश्न. गोळी आणि वर्तनोपचार, दोन्ही एकत्र द्यावेत का?

कॅनडातल्या क्वेबेकमधले संशोधक शार्ल मोरॅं यांनी यावर आयुष्य घातलं. १९९९ मध्ये त्यांनी ७८ वयस्क रुग्णांवर गोळी, वर्तनोपचार आणि दोन्ही मिळून अशी तुलना प्रसिद्ध केली. सुरुवातीला तिन्हींनी गुण दिला. पुढं दोन वर्षांपर्यंत पाहिलं तेव्हा निव्वळ वर्तनोपचार घेतलेल्यांचा गुण टिकला, निव्वळ गोळीवाल्यांचा विरून गेला.

२००९ मध्ये त्यांनी प्रश्न आणखी नेमका केला. १६० जणांना सहा आठवडे वर्तनोपचार दिला, त्यातल्या निम्म्यांना त्याबरोबर झोल्पिडेमची गोळीही. दोन्ही गटांत साठेक टक्के लोकांना गुण आला, गोळीवाल्यांची झोप किंचित जास्त वाढली. पुढं गोळीवाल्या गटाचे दोन भाग केले. एका भागानं वर्तनोपचार चालू ठेवला आणि गोळी बंद केली. दुसऱ्या भागानं वर्तनोपचाराबरोबर लागेल तशी गोळी घेणंही चालू ठेवलं. नंतर सहा महिन्यांनी पाहिलं. गोळी बंद केलेल्यांत ६८ टक्के रोगमुक्त होते, चालू ठेवलेल्यांत ४२ टक्के.

हे दोन आकडे मी आत्तीच्या चिठ्ठीच्या मागं लिहून ठेवले आहेत. सुरुवातीला गोळीची मदत घ्या, पण पाणी मारणं पहिल्या दिवसापासून चालू ठेवा आणि टेकू काढायचा दिवस चुकवू नका. जो काढतो त्याचा स्लॅब जास्त टिकतो. का, तेही उघड आहे. रोज गोळी घेऊन झोप लागली की श्रेय गोळीला जातं. ती काढून झोप लागली की पहिल्यांदा आपल्या सवयींवर आपला विश्वास बसतो.

ज्यांचे टेकू वर्षानुवर्षं उभे आहेत त्यांचं काय? त्याचंही उत्तर आहे. त्याच संशोधकांनी २००४ मध्ये बरीच वर्षं गोळी घेणाऱ्या ७६ वयस्कांवर काम केलं. नुसती मात्रा हळूहळू कमी केली तेव्हा ४८ टक्के गोळीमुक्त झाले. नुसता वर्तनोपचार दिला तेव्हा ५४ टक्के. मात्रा कमी करणं आणि वर्तनोपचार जोडीनं केलं तेव्हा ८५ टक्के. शंभरातले पंच्याऐंशी! ‘आता या वयात काय सुटतंय’ असं म्हणून म्हाताऱ्या माणसाची आशा सोडणाऱ्या प्रत्येक घरानं हा आकडा वाचावा.

एक गोष्ट ठासून सांगतो. हे वाचून आज रात्री कुणी गोळी एकदम बंद करू नये. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या जातीच्या गोळ्या बरेच दिवस घेऊन अचानक तोडल्या तर थरथर सुटते, घबराट होते, काहींना झटकाही येतो. सेंटरिंगही कुणी एका घणात पाडत नाही. मात्रा डॉक्टरांनी ठरवायची, टप्प्याटप्प्यानं उतरवायची, आठवडे-महिने लागले तरी चालतील.

*

आता ज्यांच्या हातात हे आहे, त्यांच्याशी थेट बोलतो.

डॉक्टरांनो, तुमच्या दारात शंभर रुग्ण बसलेले असतात, झोपेवर अर्धा तास बोलायला तुम्हाला सवड नाही, हे मान्य. पण चिठ्ठीवर शेवटची तारीख लिहायला पाच सेकंद लागतात. घोरतो का, झोपेत श्वास अडतो का, हे विचारायला पाच सेकंद. श्वास अडणाऱ्या माणसाला ही गोळी घातक ठरू शकते. साखरेमुळं रात्री चारदा उठावं लागणाऱ्याला झोपेची नव्हे, साखरेची गोळी नीट करून द्यावी लागते. पासष्टीच्या पुढच्या माणसाला या गोळीनं तोल जातो, विस्मरण वाढतं, खुब्याचं हाड मोडतं, म्हणून वयस्कांसाठीच्या बीअर्स यादीत ती टाळायच्या औषधांत आहे. बायकांच्या शरीरात झोल्पिडेम जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१३ मध्ये बायकांसाठी त्याची मात्रा निम्म्यानं उतरवली. बाईला पुरुषाचीच मात्रा लिहून देण्याआधी हे आठवावं.

मेडिकलवाल्यांनो, १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं अनुसूची एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहावी लागते, ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. मालेगावात पोलीस ‘कुत्ता गोळी’ म्हणून जी पकडतात ती हीच अल्प्राझोलामची गोळी. एका गावात जी गोळी पंचनाम्यात जाते, तीच दुसऱ्या गावात ‘मावशी, नेहमीचीच ना?’ म्हणून काउंटरवरून सरकवली जाते. हे थांबलं पाहिजे. आणि तुमच्या हातात फक्त नकार नाही, उपकारही आहे. क्वेबेकमध्ये औषधदुकानांच्या मदतीनं वर्षानुवर्षं ही गोळी घेणाऱ्या ३०३ वृद्धांवर एक प्रयोग झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना फक्त एक पुस्तिका दिली: ही गोळी काय करते, हळूहळू कशी सोडायची, डॉक्टरांशी काय बोलायचं. सहा महिन्यांत पुस्तिकावाल्यांतले २७ टक्के गोळीमुक्त झाले, बाकीच्यांतले ५ टक्के. एका पुस्तिकेनं! कोल्हापूरच्या औषधविक्रेत्यांनी अशी चार पानं मराठीत छापली तर किती मनगटं मोडायची वाचतील.

घरच्यांनो, वडिलांना गोळी देऊन दहाला झोपवणं तुमच्या सोयीचं आहे, हे मोकळेपणानं मान्य करा. बाराला झोपायचं ठरलं तर बारापर्यंत त्यांच्याबरोबर कुणीतरी जागं राहावं लागेल, पत्ते खेळावे लागतील, जुन्या गोष्टी ऐकाव्या लागतील. महिनाभर तेवढं करा.

आणि शासनाला. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालातच म्हटलं आहे की भारतात लाख लोकांमागं मानसोपचारतज्ज्ञ पाऊण आहे, हवेत तीन. म्हणजे कागल, गडहिंग्लज, गगनबावड्याच्या माणसाला हा उपचार तज्ज्ञाकडूनच मिळेल म्हणून वाट पाहायला लावणं, हे त्याला गोळीच्या हवाली करणंच आहे. वाट दुसरी आहे. इंग्लंडमध्ये ६४२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. त्यात अंथरुणातला वेळ आखून देण्याचा उपचार साध्या दवाखान्यांतल्या नर्सनी दिला, थोडं प्रशिक्षण घेऊन, चार आठवड्यांत चार भेटींत. गुण आला आणि टिकला. हे काम आपल्या सिस्टर करू शकतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना शिकवा, मराठीत झोपेची वही छापा आणि कोल्हापूरकर ज्याला थोरला दवाखाना म्हणतात त्या सीपीआरमध्ये आठवड्यातला एक दिवस झोपेच्या दुखण्यासाठी राखा. खर्च काय, तर वह्यांचा कागद आणि एका खोलीची किल्ली.

*

काही माणसांना मात्र मी वहीही देणार नाही आणि गोळीही. इचलकरंजीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा कामगार रात्रपाळीहून घरी येतो तेव्हा पत्र्याच्या खोलीत ऊन उतरलेलं असतं आणि शेजारच्या शेडमध्ये माग खडखडत असतात. रात्रीच्या लाईटीवर उसाला पाणी पाजणारा शेतकरी एक आठवडा दिवसा झोपतो, एक आठवडा रात्री. त्यांना निद्रानाश झालेला नाही, त्यांची झोप काढून घेतली आहे. दिवसा वीज द्या म्हणून शेतकऱ्यांनी कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठाण मांडलं ते २०२२ च्या फेब्रुवारीत. ती मागणी विजेची होती तेवढीच झोपेचीही होती. त्या माणसांना गोळी लिहून देणं म्हणजे पुरात उभ्या माणसाला छत्री देणं. तिथं पाळी बदलली पाहिजे आणि वीज दिवसा आली पाहिजे.

चरकानं शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले, आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. खांब दोन हजार वर्षांपूर्वी सांगून झाले आहेत. आपण टेकूंनाच खांब समजून बसलो.

*

आत्तीचं सांगायचं राहिलं. मनगट जुळल्यावर तिला शहरातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं. त्यांनी गोळी त्या दिवशी बंद केली नाही. वही दिली. आत्तीला लिहिता येत नाही, म्हणून नातीनं तक्ता आखला आणि आत्ती सकाळी त्यात कोळशानं रेघा ओढू लागली. दुपारचं लोळणं सुटलं. पाठ टेकायची वेळ साडेआठवरून साडेअकरावर गेली. पलंगावरची गादी निघाली, खाली अंथरूण आलं आणि पहाटे त्याची वळकटी होऊ लागली. झोपेची घडी बसल्यावर डॉक्टरांनी दर पंधरा दिवसांनी गोळीचा पाव भाग कमी केला. मध्ये दोन आठवडे ती अडली, ‘मला जमायचं न्हाय’ म्हणाली, तेव्हा डॉक्टर त्याच मात्रेवर थांबले आणि मग पुन्हा उतरले. शेवटचा पाव सुटायला चार महिने लागले.

आज ती गोळी घेत नाही. साडेपाच-सहा तास झोपते. जुलैत मुसळधार लागली की अजूनही मध्यरात्री जागी होते. तेव्हा अंथरुणात पडून राहत नाही, सोप्यात येऊन बसते, पाऊस ऐकते आणि पेंग आली की आत जाते.

तिला हे पाच वर्षं आधी मिळू शकलं असतं. त्यासाठी नवं औषध लागणार नव्हतं, मोठं यंत्र लागणार नव्हतं, चिठ्ठीवर एक ओळ लागणार होती.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. झोपेच्या गोळीची चिठ्ठी हातात पडली की खुर्चीवरून उठण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. ही गोळी कोणत्या तारखेला बंद होणार? आणि तोवर झोप परत यावी म्हणून मी रोज काय करायचं? दोन्ही उत्तरं त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या, मगच उठा.